आकड्यापासून खुरप्यापर्यंत: हौशी लोहारकामाची सुरुवात आणि केलेलं काम दाखवण्याची रीत

हौसेनं लोहारकाम शिकायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून सुरी असते. माझा आग्रह वेगळा आहे. पहिली वस्तू कपडे अडकवायचा भिंतीवरचा साधा आकडा असावी, तो मोजून कापलेल्या लोखंडातून व्हावा आणि दुसऱ्या लोहाराला दाखवताना त्यासोबत ते माप द्यावं. टोक काढणं, गोल करणं, वाकवणं, पिळणं, चपटं करणं, भोक पाडणं या मूळ क्रिया एका आकड्यात येऊन जातात. बिघडलाच तर सव्वाशे ग्रॅमच्या आत लोखंड वाया जातं. आणि मापाचं म्हणाल, तर नुसती वस्तू बघून समोरचा फार तर वाहवा करेल. माप हातात असेल तर तो तीच वस्तू आपल्या ऐरणीवर करून बघेल आणि तुमचं कुठे चुकलं ते खात्रीनं सांगू शकेल. खाली जे लिहिलंय ते याच क्रमानं.

जागा आणि भट्टी

फ्लॅटच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत हे काम करू नका. घणाचा आवाज आणि कोळशाचा धूर शेजाऱ्यांना सोसत नाही आणि सोसायला सांगूही नये. शेतावरची पडवी, गावाकडच्या घराचं मागचं अंगण, एमआयडीसीतल्या ओळखीच्या शेडचा कोपरा असं काही बघा. वर छप्पर हवंच. ते पावसासाठी तर हवंच, पण त्याहून जास्त सावलीसाठी हवं. उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. नारिंगी तापलेली सळईसुद्धा भर उन्हात काळपट दिसते, आणि रंग कळला नाही तर लोहारकाम अंदाजपंचे होतं. मात्र चारही बाजूंनी बंद खोली नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंगही नसतो. किमान दोन बाजू सताड उघड्या ठेवा. जमीन मातीची असेल तर उत्तम. काँक्रीटवर लाल लोखंड पडलं तर काँक्रीटचे तुकडे उडू शकतात.

भट्टीसाठी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम चांगला. तोही नसेल तर विटांच्या चौकटीत माती आणि राख कालवून वीतभर रुंद, चार बोटं खोल खळगा करा आणि एका बाजूनं किंवा तळातून हवेची नळी घाला. नळी साध्या काळ्या लोखंडी पाइपची घ्या, प्लंबरकडची चकचकीत जस्ताचा मुलामा असलेली नको. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टी त्याच्या बरीच पुढे जाते. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. हाच नियम भट्टीत टाकायच्या प्रत्येक तुकड्याला लावा: मुलामा, क्रोम, रंग असलेलं काहीही तापवायचं नाही. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप आणि गाडीचा अख्खा शॉकॲब्सॉर्बर तर आगीच्या जवळपासही नको, ते फुटतात.

हवेसाठी हातानं फिरवायचा पंखा मला विजेच्या ब्लोअरपेक्षा जास्त आवडतो. हात थांबला की हवा थांबते, त्यामुळे आग वाजवीपेक्षा जास्त पेटत नाही आणि लोखंड जळत नाही. विजेचा ब्लोअर घेतलात तर नळीवर हवा कमी-जास्त करायची झडप बसवा. इंधन म्हणून सुरुवातीला लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा घ्या. तो लवकर पेटतो, त्याचा धूर कमी असतो आणि हवा बंद केली तरी बराच वेळ निखारा टिकवतो. ठिणग्या मात्र उडवतो. दगडी कोळसा स्वस्त आणि जास्त उष्णता देणारा, पण पेटताना पिवळा धूर ओकतो. हार्ड कोकला सतत हवा लागते, दोन मिनिटं पंखा थांबला की विझायला लागतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरला बर्नर जोडण्याच्या फंदात पडू नका.

आगीत लोखंड कुठे ठेवायचं हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. ते टोक खाली करून निखाऱ्यात खुपसू नका. नळीच्या तोंडाशी न जळालेली हवा असते, ती लोखंडावर पापुद्रे आणते. सळई आडवी ठेवा, खाली चार बोटं निखारा, वर दोन-तीन बोटं निखारा. मधला भाग सगळ्यात गरम असतो आणि तिथली हवा कोळशानं आधीच खाल्लेली असते.

ऐरण, हातोडा, सांडशी

नाल ठोकणाऱ्याच्या चित्रात दिसते तशी, एका बाजूला शिंगासारखं निमुळतं टोक असलेली ऐरण मिळाली तर घ्या, पण तिच्यासाठी थांबू नका. आपल्याकडच्या गावच्या लोहाराची ऐरण बहुधा लाकडी ओंडक्यात ठोकलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा असते, आणि त्यावर नांगराच्या फाळापासून अडकित्त्यापर्यंत सगळं घडलेलं आहे. भंगारबाजारात ३० ते ५० किलोचा भरीव पोलादी तुकडा शोधा. वरचं तोंड सपाट आणि निदान तळहाताएवढं हवं. कडांपैकी एक कड ग्राइंडरनं किंचित गोल करा, एक तशीच तीक्ष्ण ठेवा. दोन्हींचा उपयोग होतो.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून चांगला चालतो, हे खरं. पण भंगारवाला पावती देत नसेल तर तो घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुकडा कुठून आला हे सांगण्याची वेळ तुमच्यावर येते. लिलावात रीतसर घेतलेल्या भंगारातला, पावतीसह मिळणारा तुकडाच घ्या.

ऐरणीची उंची ठरवायला सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. मुठीची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचं तोंड यावं. त्याहून खाली असेल तर कंबर धरते, वर असेल तर खांदा. बसून काम करायचं असेल, आपल्याकडे तशीही परंपरा आहे, तर ठोकळा जमिनीत पुरून तोंड गुडघ्याच्या खाली राहील इतका ठेवा. हौशी माणसानं उभ्यानं सुरुवात करावी असं माझं मत आहे. ठिणगी किंवा तापलेला तुकडा मांडीवर पडण्याचा धोका कमी होतो आणि पटकन मागे सरता येतं.

हातोडा ८०० ग्रॅम ते एक किलोचा, एक तोंड सपाट आणि दुसरं पाचरीसारखं. दुकानातून आणलेल्या हातोड्याच्या कडा धारदार असतात. त्या कानशीनं आणि पॉलिश पेपरनं गोल केल्याशिवाय कामाला लागू नका, नाहीतर प्रत्येक घावाची चंद्रकोर लोखंडावर उमटते आणि नंतर कितीही घासलं तरी जात नाही. सांडशीची गरज पहिल्या आकड्याला नाही: लांब सळईच्या टोकावर काम करायचं आणि शेवटी कापायचं. पुण्यातल्या जुन्या बाजारात आणि तालुक्याच्या आठवडी बाजारात जुने हातोडे, कानशी, व्हाइस चांगल्या स्थितीत मिळतात. जुनी कानस टाकून देऊ नका, ती पुढे कामाला येते.

अंगावर सुती कपडे. टेरिलीन, नायलॉन ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतात. पायात चामड्याचे बंद बूट, पँट बुटाच्या बाहेर. डोळ्यांना गॉगल, कानात बोळे. पाण्याची बादली आणि वाळूची घमेली हाताशी. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: खाली पडलेला कुठलाही तुकडा उचलण्याआधी हाताची मागची बाजू त्याच्याजवळ नेऊन धग बघायची. लाल लोखंड कोणी हातात घेत नाही. भाजतं ते नुकतंच काळं झालेलं, कारण ते ४०० अंशांना असलं तरी गार दिसतं.

लोखंड

दुकानात '१० मिमीचा एमएस स्क्वेअर बार' मागा, म्हणजे माइल्ड स्टीलची, मऊ पोलादाची चौकोनी सळई. सहा मीटरच्या लांबीचं वजन ४.७ किलोच्या आसपास भरतं आणि त्यात १५० मिमीचे चाळीस आकडे बसतात. कार्बन कमी असल्यानं हे लोखंड चुका सोसतं. बांधकामावरची टीएमटी सळई फुकट मिळाली तरी पहिल्या कामाला घेऊ नका. तिचं वरचं आवरण कडक आणि गाभा मऊ असतो, तापवल्यावर ती रचना मोडते. शिवाय तिच्यावरच्या काटेरी कडा ठोकताना आत दुमडून भेगा पडतात.

रंगांचा अंदाज असा: अंधुक लाल सुमारे ७०० अंश, लाल ८०० च्या पुढे, नारिंगी ९५० च्या आसपास, पिवळा ११००. पांढऱ्या फुलबाज्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळतंय, तो भाग कापून टाका. ठोकायचं नारिंगी-पिवळ्यात, थांबायचं लाल अंधुक झाल्यावर. थंड लोखंडावर जोर लावला की ते सरकत नाही, फक्त मनगट दुखतं.

आकडा, ताव-तावानं

सळईवर टोकापासून ४० मिमीवर, १२५ मिमीवर आणि १५० मिमीवर छिन्नीनं किंवा सेंटर पंचनं खुणा करा. खडूची खूण आगीत जाते. पहिल्या ४० मिमीतून आकड्याचं निमुळतं टोक निघेल, मधले ८५ मिमी सरळ राहतील, शेवटच्या २५ मिमीतून भिंतीला टेकणारी पट्टी होईल.

ताव म्हणजे एकदा तापवून केलेलं काम. पहिला ताव टोकाचा. सळईचं टोक पिवळं करा, ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर टेकवा, सळईची मागची बाजू थोडी वर धरा आणि हातोडाही तितकाच तिरपा ठेवून मारा. दोन-तीन घाव, मग सळई ९० अंशांत वळवा, पुन्हा दोन-तीन घाव. सुरुवातीला फक्त शेवटच्या बोटभर भागात आखूड, बोथट पिरॅमिड करायचा. तो झाला की मग मागे मागे सरकत टोक लांबवायचं. उलट क्रमानं गेलात, आधी मागून बारीक करत आलात, तर टोकाचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा पुढे सरकतो आणि तोंडाशी खोबण पडते. ती खोबण पुढे दुमडून भेग होते.

या सगळ्या वेळात सळई चौकोनीच ठेवायची. गोल टोक हवं असलं तरी थेट गोल ठोकायला जाऊ नका, मधून पोकळ भेग पडते. आधी चौकोनी निमुळतं, मग चारही कोपरे दाबून अष्टकोनी, मग सळई हळूहळू फिरवत हलक्या हातानं गोल. चौकोन तिरपा होऊन समभुज चौकटीसारखा दिसायला लागला तर लगेच लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर मारून सरळ करा. तसंच पुढे रेटलंत तर तो परत येत नाही.

लांबीचा हिशेब इथे पडताळून बघा. लोखंड कुठे जात नाही, फक्त आकार बदलतं. १० मिमी चौकोनाचे ४० मिमी म्हणजे ४००० घन मिमी. टोक ३ मिमीपर्यंत निमुळतं केलं तर ते चौकोनी असताना साधारण ८५ मिमी लांब व्हायला हवं, आणि गोल करताना आणखी थोडं वाढेल. तुमचं ६५ वरच थांबलं तर टोक अजून जाड आहे किंवा निमुळतेपणा खुणेच्या मागे सरकला आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते पट्टी दाखवते.

दुसरा ताव वाकवण्याचा, हा सगळ्यात सोपा. आधी अगदी टोकाचा सेंटिमीटरभर भाग लाल करून ऐरणीच्या कडेवर उलट्या दिशेला छोटा वेढा द्या, म्हणजे कपडे फाटणार नाहीत. मग उरलेला निमुळता भाग तापवून ३०-३५ मिमी व्यासाच्या पाइपावर किंवा ऐरणीच्या शिंगावर वाकवा. हातोडा पाइपाच्या पुढे निघालेल्या भागावर पडायला हवा, पाइपाच्या डोक्यावर नव्हे. डोक्यावर मारलं की वाकत नाही, चपटं होतं.

तिसरा ताव पिळाचा, आणि घाई इथेच लागते. मधल्या ८५ मिमीपैकी ६० मिमी भाग एकसारखा नारिंगी व्हायला हवा. एका जागी जास्त तापला तर पीळ तिथेच घट्ट आणि बाकी सैल पडतो. सळई आगीत पुढे-मागे सरकवत राहा, रंग सगळीकडे सारखा झाला की व्हाइसमध्ये एक टोक पकडा, दुसऱ्या बाजूला पान्हा लावा आणि न थांबता एक पूर्ण फेरा द्या. पीळ द्यायच्या आधी कोपरे जितके धारदार तितका तो उठून दिसतो, म्हणून हा भाग आधी उगाच ठोकू नका. पिळल्यावर सळई थोडी वाकते. लाकडी ओंडक्यावर लाकडी मोगरीनं सरळ करा, लोखंडी हातोड्यानं पिळाच्या कडा मरतात.

चौथ्या तावात १५० मिमीच्या खुणेवर तापवून छिन्नीनं कापा. ऐरणीवर थेट कापू नका, खाली मऊ लोखंडाची पट्टी ठेवा, म्हणजे छिन्नीचं तोंडही वाचतं आणि ऐरणही. पूर्ण तुटेपर्यंत मारायचं नाही. थोडं शिल्लक राहिलं की वाकवून मोडायचं, कारण शेवटच्या घावात सुटलेला तुकडा लांब उडतो. इथून पुढे सांडशी लागेल. मग कापलेल्या बाजूचे २५ मिमी पिवळे करून ४ मिमी जाडीचे चपटे करा. हिशेबानं २० मिमी रुंद आणि ३१ मिमी लांब पट्टी मिळायला हवी.

पाचवा ताव भोकांचा. ड्रिलनं पाडली तर कोणी अडवणार नाही, पण सुंभ्यानं, म्हणजे ठोकून भोक पाडायच्या पंचनं, पाडायला शिका. पट्टी नारिंगी करून सुंभा उभा धरा, तीन-चार घाव घाला, सुंभा लगेच काढून पाण्यात बुडवा. पट्टी उलटी करा: जिथे सुंभा पोचला तिथे गोल काळसर डाग दिसेल. त्यावर सुंभा ठेवून, खाली नट किंवा भोकाची पट्टी ठेवून मारलं की पैशासारखी टिकली खाली पडते. ५ मिमीची दोन भोकं पुरे.

शेवटी ताराच्या ब्रशनं पापुद्रे काढा. आकडा हाताला चटका देईल इतका गरम पण पूर्ण काळा असताना मेण आणि जवसाचं तेल एकत्र केलेलं फडक्यानं चोळा, पातळ, एकच थर. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती स्वतःहून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हा आकडा एकदा करून थांबू नका. त्याच मापाचे एकामागून एक करत राहा, दोन आकडे शेजारी ठेवून जोडी म्हणून भिंतीला शोभतील इथपर्यंत. दुसरा पहिल्यासारखा करता येणं ही लोहाराची खरी परीक्षा.

खुरपं आणि पाण्याचं काम

आकडे जमले की धारेच्या वस्तूकडे या, आणि सुरीऐवजी खुरपं घ्या. शेतात वापरून बघता येतं, आणि पाणी, म्हणजे पोलाद तापवून एकदम गार करून कडक करणं, बिघडलं तर दगडाला लागताच कळतं.

जीप किंवा छोट्या टेंपोच्या कमानपट्ट्यातला (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीतला) ६ मिमी जाड, ४० मिमी रुंद, ९० मिमी लांब तुकडा ग्राइंडरनं कापा. कमानपट्ट्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, त्यामुळे त्याला पाणी चढतं. जुन्या पट्ट्यात न दिसणाऱ्या भेगा असतात, म्हणून आधी त्याच पट्ट्याचा बोटभर तुकडा तापवून तेलात बुडवा, व्हाइसमध्ये पकडून हातोड्यानं मोडा आणि मोडलेली बाजू बघा. बारीक, राखाडी, मखमली दाणा दिसला तर पोलाद चांगलं आणि ताव बरोबर. साखरेसारखा चमकणारा जाड दाणा म्हणजे फार तापलं. वाकलं पण मोडलं नाही, तर त्यात पाणी धरण्याइतका कार्बन नाही किंवा ताव कमी पडला.

एका टोकाच्या २५ मिमीतून मुठीत जाणारी शेपटी काढा, निमुळती, १२०-१३० मिमी लांब. उरलेले ६५ मिमी पसरून साधारण ११५ बाय ४५ मिमीचं, ३ मिमी जाडीचं पातं होईल. लांबी वाढवायची तिथे हातोड्याचं पाचरी तोंड आडवं, रुंदी वाढवायची तिथे उभं. हे पोलाद एमएसपेक्षा बरंच चिवट आहे, एकट्यानं सहा मिमीचं तीन करताना दमछाक होते. इथे घण मारणारा जोडीदार हवा. शेपटीच्या मानेला वाक द्या, म्हणजे मूठ जमिनीपासून वर राहते आणि बोटं घासत नाहीत.

ठोकून झाल्यावर नॉर्मलायझिंग, म्हणजे ठोकताना पोलादात आलेला ताण काढणं: पातं लाल करा, चुंबक लावून बघा, चिकटेनासं झालं की आणखी किंचित तापवून हवेत काळं होऊ द्या. असं तीनदा. चुंबक ७७० अंशांच्या आसपास सुटतो. पाणी द्यायला यापेक्षा एक छटा उजळ, ८३० ते ८५० अंश, लागतं. चुंबक सुटल्यासुटल्या बुडवलंत तर पुरेसं कडक होणार नाही.

याला पाणी देणं म्हणतात, पण कमानपट्टा साध्या पाण्यात तडकतो, म्हणून तेल घ्या. पत्र्याच्या डब्यात दोन-तीन लिटर सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल, ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं, शेजारी डब्याचं झाकण. प्लास्टिकचं भांडं चालणार नाही. धारेची बाजू आधी, सरळ, न थांबता बुडवा आणि पुढे-मागे हलवा. डावी-उजवीकडे हलवलं की पातं वाकतं. भडका उडाला तर पातं खाली बुडवलेलंच ठेवा आणि झाकण लावा. पाणी चुकूनही ओतू नका. बाहेर काढल्यावर धारेवर कानस फिरवा. ती न खाता घसरली तर पाणी बसलं.

आता पातं काचेसारखं ठिसूळ आहे. खाली पडलं तर मोडेल, म्हणून टेंपरिंग, म्हणजे थोडं पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करणं, त्याच दिवशी, लगेच. एक बाजू घासून चकचकीत करा आणि जाड तव्यावर पाठीकडून तापवा. रंग धावताना दिसतील: २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २७५ ला जांभळा, २९० ते ३०० ला निळा. सुरी पिवळ्यावर थांबवतात. खुरप्याला दगड लागतात, म्हणून धार जांभळी-निळी होऊ द्या आणि पाण्यात गार करा. मूठ बाभळीची, तोंडाला लोखंडी कडी. शेपटी तापवून मुठीत जाळत बसवा.

दाखवायचं कसं

केलेली वस्तू दुसऱ्या लोहारांना दाखवताना बहुतेक जण तिला पॉलिश करून, काळ्या कापडावर ठेवून, एकच सुंदर फोटो काढतात. गिऱ्हाइकाला तो ठीक आहे. लोहाराला त्यातून काहीच मिळत नाही. त्याला बघायची असते मागची बाजू, पिळाची सुरुवात आणि शेवट, भोकाच्या कडा, निमुळतेपणा एकसारखा उतरलाय की मध्येच पोट सुटलंय. म्हणून निदान चार फोटो: समोरून, बाजूनं, मागून, आणि जिथे एक आकार संपून दुसरा सुरू होतो तिथला जवळून. सकाळची सावलीतली उजेडाची जागा, राखाडी किंवा खाकी पार्श्वभूमी, शेजारी स्टीलची पट्टी. फ्लॅशनं लोखंडाचे घाव दिसेनासे होतात. आणि ग्राइंडरनं घाव पुसून टाकायच्या आधीचा एक फोटो ठेवा, शिकवणारा त्यातच तुमचा हात वाचतो.

सोबत चार ओळी लिहा. आकड्याच्या अशा असतील: 'एमएस चौकोनी १० मिमी, कापलेली लांबी १५० मिमी, वजन ११८ ग्रॅम. ४० मिमीतून टोक, ६० मिमीवर एक फेरा पीळ, २५ मिमीतून पट्टी. लोणारी कोळसा. सात ताव. पीळ भिंतीकडच्या बाजूला सैल पडलाय, का?' खुरप्याला पोलाद कुठलं, कशात बुडवलं, टेंपरिंगचा रंग कुठला, हे हवंच. शेवटचा प्रश्न नेमका असू द्या. 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान' एवढंच मिळतं. आकार दुसऱ्या कोणाचा बघून घेतला असेल तर तेही लिहा.

दुसऱ्याचं काम बघताना हाच न्याय. आधी माप वाचा. मग एकच गोष्ट सांगा, जी तो पुढच्या तावात बदलू शकेल. 'निमुळतं टोक खुणेच्या मागे गेलंय, ऐरणीच्या कडेपासून सळई बोटभर मागे घे' हे उपयोगाचं बोलणं. नवख्याला एकदम दहा दोष सांगितले की तो पुढच्या वेळी दाखवायलाच येत नाही.

गावच्या लोहाराकडे

फोटोला मर्यादा आहेत. हातातली वस्तू घेऊन पिढीजात लोहाराकडे जा. पेरणीच्या तोंडावर आणि ऊसतोड सुरू होताना त्याच्याकडे फाळ, विळे, कोयते यांची रांग असते, ते दिवस टाळा. त्याच्या वेळेचे पैसे द्या, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. तो तुमचं खुरपं हातात घेईल, अंगठ्यानं पाठ चाचपेल, ऐरणीवर हलकं आपटून आवाज ऐकेल. भेग असेल तर आवाज बसका येतो. तो काय म्हणतो यापेक्षा त्याचा हात कुठे थांबतो तिकडे बघा.

रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडी कुटुंबाचं काम तर थांबून बघण्यासारखंच. पुरुष जमिनीवर बसलेला, डाव्या हातात सांडशीनं धरलेलं लाल लोखंड, उजव्या हातात छोटा हातोडा. समोर बाई उभी, दोन्ही हातांनी घण डोक्यावरून आणते. तो हातोड्यानं ज्या जागी टिचकी मारतो, बरोब्बर त्याच जागी पुढच्या क्षणी तिचा घण पडतो. त्यानं हातोडा ऐरणीच्या रिकाम्या बाजूवर वाजवला की घण थांबतो. एक शब्द बोलावा लागत नाही. घणाचं काम स्त्रीच्या खांद्यावर असलेली ही जोडी म्हणजे पूर्ण कारखाना आहे, आणि या लोकांच्या कौशल्याला आपण पुरेसा मान दिलेला नाही असं मला मनापासून वाटतं.

एकत्र भट्टी आणि अदलाबदल

चार-पाच हौशी जण जवळपास असाल तर महिन्यातून एकदा एकाच भट्टीवर जमा. सगळ्यांनी एकाच मापाचा तुकडा घ्यायचा, वरचा १५० मिमीचाच घ्या, आणि आपापल्या हातानं आकडा करायचा. संध्याकाळी सगळे आकडे ओळीनं मांडले की लोखंड तेच, माप तेच, आणि हात किती वेगळे ते समोर दिसतं. कोणाचं टोक लांब का आलं, कोणाला दोन ताव कमी का लागले, यावरची चर्चा हाच त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग.

घणाला जोडीदार घेताना खुणा आधी ठरवा: हातोडा दाखवेल तिथे मारायचं, ऐरणीवर वाजला की थांबायचं. थंड लाकडावर सराव करून मगच लाल लोखंडावर. घण मारणाऱ्याच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, आणि बघ्यांनाही गॉगल. खांडेनवमीला अवजारांची पूजा होते, त्या दिवशी आपल्या हातानं केलेलं अवजार पूजेत ठेवायला आणि एकमेकांचं बघायला सगळ्यांना बोलवा.

अदलाबदलीत प्रत्येकानं आपला आकडा मापाच्या चिठ्ठीसह दुसऱ्याला द्यायचा. घेणाऱ्यानं महिन्याभरात त्या चिठ्ठीवरून तसाच आकडा करून दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचे. चिठ्ठीत काय लिहायचं राहून गेलं होतं ते तेव्हाच कळतं.

तलवार, खंजीर, भाला, कुऱ्हाडीचं शस्त्र यांच्या वाटेला हौस म्हणून जाऊ नका. घरकामाचं, शेतीचं किंवा उद्योगाचं अवजार नसलेलं, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याखाली येतं, आणि ते बनवायला परवाना लागतो. मित्रांना दाखवण्यासाठी हातात तलवार धरून काढलेला फोटोही पोलिसांना बोलावू शकतो. बाहेरगावच्या सोबत्याला वस्तू पाठवायची असेल तर आकडे, खिळे, चिमटे पाठवा. तेल लावून कागदात गुंडाळा, टोकांना बुचाचे किंवा लाकडाचे तुकडे खोचा आणि मापाची चिठ्ठी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर तेलानं शाई पसरते.